सहा, नऊ आणि तेरा: तीन वयांच्या मुलांना घरी पुण्याचा इतिहास एकत्र कसा शिकवावा?

ताई, आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडते. तिन्ही मुलं घरीच शिकतात: धाकटा सहाचा, मधली नऊची, थोरला तेराचा. इतिहासाचा तास तिघांचा एकत्र व्हावा म्हणून तुम्ही चौथीचं पुस्तक मोठ्यानं वाचता. धाकट्याला त्यातल्या फक्त लढाया हव्या असतात, मधली सनावळ्या पाठ करून मोकळी होते आणि थोरला "हे झालंय आपलं" म्हणून उठतो. घरात सासूबाई आहेत, पण त्यांच्या गोष्टी पुस्तकाशी जुळत नाहीत आणि मग पंचाईत होते. राहता बाणेरला, तिथे "इतिहास असा काही नाही", आणि दर वेळी पेठांत यायचं तर अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो. शिवाय थोरल्याची दहावी आता फार लांब नाही. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

घरी शिकणाऱ्या मुलांचे मिश्र वयाचे गट मी पुण्यात बरीच वर्षं घेते आहे, त्यामुळे हे चित्र चांगलंच ओळखीचं आहे. माझ्या मते वयातलं अंतर ही यातली लहान अडचण. मोठी अडचण अशी, की इतिहास तुमच्याकडे गोष्ट होऊन येतोय, आणि गोष्ट ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला पुढे काही कामच उरत नाही. अफझलखानाचं काय झालं हे तेरा वर्षांच्या मुलाला माहीत आहे, मग त्यानं बसायचं कशासाठी? त्याला "हे आपल्याला कशावरून कळलं?" या कामाला लावा, तो बसेल. नऊच्या मुलीला "कुठे? कशाच्या आधी, कशाच्या नंतर?" हे काम द्या. सहाच्या मुलाला हात लावता येईल, पावलांनी मोजता येईल, कागदावर काढता येईल असं काहीतरी द्या. जागा किंवा वस्तू एकच, कामं तीन. माझं सगळं याच पायावर चालतं.

काही गोष्टी मात्र घरागणिक बदलतात. मुलं मराठी सहज वाचतात की फक्त बोलतात, महिन्यातून किती वेळा बाहेर पडणं जमतं, घरात आठवणी सांगणारं कुणी आहे का, यावर वेग ठरतो. तुमच्याकडे सासूबाई आहेत, ज्यांना तुम्ही सध्या अडचण समजताय. मी तर सुरुवातच त्यांच्यापासून करीन.

म्हणजे शिवकालापासून किंवा अश्मयुगापासून सुरू करू नका. आजपासून मागे जा. सहा वर्षांच्या मुलाला "तीनशे वर्षांपूर्वी" आणि "गेल्या दिवाळीत" यांत फारसा फरक नसतो, पण "आजी लहान होती तेव्हा" हे त्याला पक्कं कळतं. तिथून एकेक पायरी मागे गेलं की काळाला खोली येते. पुण्यात त्यासाठी पाण्यासारखा दुसरा विषय नाही. एकच विषय धरून वर्षभर चालायचं असेल तर पाणी धरा. ते आपल्याला आजच्या टँकरपासून थेट ताम्रपाषाण युगापर्यंत, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायच्या काळापर्यंत नेतं.

पहिला मुक्काम १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं खडकवासल्याचं धरणही गेलं आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तुमच्या सासूबाई तेव्हा ओंकारेश्वराजवळ राहत होत्या असं तुम्ही लिहिलंय. मग अजून काय हवं?

धाकट्याचं काम असं: आजीनं घरातून निघताना काय काय उचललं ते विचारायचं आणि एका कागदावर एक वस्तू अशी चित्रं काढायची. मग घरातलीच एक पिशवी घेऊन "तू काय उचलशील?" हा खेळ. यातून त्याला इतिहास "समजला" का, याची काळजी करू नका. आजीच्या लहानपणी हे शहर वेगळं होतं एवढं त्याच्या डोक्यात बसलं तरी पुरे.

मधलीनं फोनवर मुलाखत रेकॉर्ड करायची. प्रश्न आधी लिहून घ्यायचे, आणि इथे तुम्ही थोडी मदत करा. "पूर कसा होता?" असं विचारलं की आजी "फार भयंकर गं" म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी "पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला लागलं होतं?", "त्या रात्री कुठे झोपलात?", "घरात पुन्हा पहिला स्वयंपाक कधी झाला, काय केलं होतं?" असं विचारलं, की माणूस आठवायला लागतो. मुलाखतीत आलेली प्रत्येक जागा तिनं शहराच्या नकाशावर खुणेनं दाखवायची. संध्याकाळपर्यंत नदीकाठाला समांतर खुणांची एक ओळ उभी राहते आणि पाणी कुठवर आलं असेल ते तिचं तिलाच दिसतं.

थोरल्याला विचारा: धरण फुटलं का? पानशेत हे मातीचं धरण. काम पुरतं झालेलं नसताना त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. फुटण्याआधी लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून बांध टिकवायचा प्रयत्न केला. नंतर चौकशी आयोग नेमला गेला. यातलं एकेक त्यानं जुन्या वर्तमानपत्रांतून आणि लेखांतून शोधायचं, आणि आजीच्या मुलाखतीशेजारी ठेवायचं.

दोन्ही बहुतेक जुळणार नाहीत, आणि ते फारच उत्तम. समजा आजी म्हणाली, पाणी काळोखात आलं, आणि कागदोपत्री धरण सकाळी फुटल्याचं निघालं. मुलं लगेच निवाडा देतात, "आजी चुकली." तिथे त्यांना थांबवा आणि विचारा: आजी तेव्हा कुठे होती? तिचं वय काय? तिनं स्वतः पाहिलं की कुणाकडून ऐकलं? पुढच्या काही रात्री अंधारात काढल्या असतील तर दोन आठवणी एकमेकींत मिसळू शकतात का? साक्षीदार कुठे उभा होता, हा प्रश्न थोरला एकदा आजीबद्दल विचारायला शिकला, की बखरकाराबद्दल आणि इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्राबद्दलही तोच विचारेल. सासूबाईंच्या बाबतीत एक पथ्य पाळा: त्यांच्यासमोर पुस्तक उघडून "हे बघा, असं नाहीये" करू नका. एकदा तसं झालं की त्या बोलायच्या बंद होतात आणि घरातलं सर्वांत चांगलं साधन हातचं जातं.

आता काळाची पट्टी. ही एकदा केली की वर्षभर पुरते. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू चिकटवून लांब पट्टी करा आणि दाराशेजारच्या भिंतीवर, आज हे एक टोक धरून, लावायला घ्या. माप एक वीत म्हणजे पन्नास वर्षं. वीत एकाच माणसाची, तुमची धरा, नाहीतर धाकट्याचं सोळावं शतक वेगळ्याच ठिकाणी येतं. पानशेत सव्वा वितीवर येतं. महात्मा फुल्यांचं ज्या वर्षाबद्दल पुढे लिहिलंय ते १८६८ साल तीन वितींच्या जरा पुढे. शनिवारवाड्याचा पाया घातला १७३० साली, म्हणजे सहा वितींच्या थोडं आत. शिवजन्म, १६३०, आठ वितींच्या जवळपास. इथवर भिंत पुरते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. ७५८ च्या ताम्रपटात पुण्याच्या परिसराचा उल्लेख येतो, तो पंचविसाव्या वितीवर, म्हणजे पट्टी वळून दुसऱ्या खोलीत जाते. आणि शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीकाठी, इसवीसनापूर्वी १६०० च्या सुमाराला वस्ती सुरू झाली. तिथे पोचायला सत्तरहून जास्त विती लागतात. मुलं दार उघडून जिन्यात जातात आणि खालच्या मजल्यावरून ओरडून सांगतात, "इथे येतंय!" शहरात पेशव्यांचा मुक्काम अख्ख्या पट्टीवर दोन वितींपेक्षाही कमी भरतो. हे बोलून दाखवायची गरज पडत नाही. मधली स्वतःच कधीतरी विचारते, "मग बाकीच्या वेळात इथे कोण होतं?" असा प्रश्न आला की तास जमला म्हणायचा.

दुसरा मुक्काम फुले वाडा. गंज पेठेत, जिला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. धाकट्यासाठी इथे वेगळं काही करावं लागत नाही. "त्यांना पाणी का देत नव्हते?" हे तो स्वतःच विचारतो, आणि या प्रश्नापुढे मोठी माणसं गडबडतात. काय सांगायचं? माझा नियम असा: लहानाला कमी सांगा, पण पुढे मागे घ्यावं लागेल असं काही सांगू नका. "काही लोक स्वतःला वरचे समजत आणि दुसऱ्यांना आपल्या पाण्याला शिवू देत नसत. ते चूक होतं, आणि या घरातल्या माणसांनी ते चालू दिलं नाही." एवढं सहा वर्षांच्या मुलाला पुरतं आणि तेराव्या वर्षीही ते खरंच राहतं. "पूर्वी तशी पद्धतच होती" असं म्हणून सोडून देऊ नका. ज्यांना पाणी मिळत नव्हतं त्यांना ती पद्धत कधीच मान्य नव्हती, आणि थोरल्याला हे नीट कळायला हवं. आपल्या स्वतःच्या घराण्यात पाण्याबद्दल काय रीत होती, हेही त्याला शोधू द्या. ऐकायला अवघड जाईल, तरी द्या.

तिसरा मुक्काम कात्रज आणि सारसबाग. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तळं बांधलं आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या नळानं शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. हे तोंडी सांगून कळत नाही. गच्चीवर जा, एक बादली कठड्यावर आणि एक खाली ठेवा, मध्ये बागेचा पाइप. मधलीला पाइपाचा मधला भाग वर-खाली करायला सांगा. पाइप पाण्यानं पूर्ण भरलेला असेल तर तो थोडा वर उचलला तरी पाणी वाहतं, पण त्यात हवा शिरली, की पाणी अडतं. मग कात्रज ते शनिवारवाडा हे अंतर तिनं नकाशावर दोऱ्यानं मोजायचं आणि एवढ्या लांबीत उतार कुठेही बिघडू न देणं म्हणजे काय, याचा विचार करायचा. नळाला जागोजागी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारे उभे झरोके, बांधले होते, ते कशासाठी, हे ती बहुतेक पाइपावरूनच सांगेल. कात्रजला शेजारी प्राणिसंग्रहालय आहे, धाकटा हट्ट धरणार. धरू दे, आधी तळं पाहायचं एवढंच ठरवून जा.

सारसबागेत तर धाकट्यालाच पुढे करा. तिथल्या गणपतीला तळ्यातला गणपती म्हणतात. "मग तळं कुठंय?" हे त्यानं शोधायचं. देवळाभोवतीची जमीन किती खोलगट आहे, पायऱ्या कुठून कुठे जातात, पर्वती कुठल्या बाजूला दिसते, हे बघत तो हिंडतो. इथे खरोखर तळं होतं, मध्ये बेटावर देऊळ होतं, पुढे तळं बुजवून बाग झाली. थोरल्यासाठी इथेच प्रश्न आहे: शहरानं इतकी खटपट करून आणलेलं आणि साठवलेलं पाणी नंतर नकोसं का झालं? एकोणिसाव्या शतकात खडकवासल्याचं धरण झाल्यावर काय बदललं? जुन्या हौदांची आज फक्त नावं उरलीत, फडके हौद चौक म्हणतो आपण. मधलीनं अशी नावं नकाशावर टिपायची. पाण्याचं जुनं जाळं कसं असेल याचा कच्चा आराखडा तिच्या हातात येतो.

त्यामागे गडांवरची टाकी आहेत. शिवनेरीची गंगा-जमुना आणि सिंहगडाचं देवटाकं बघताना "गडावर माणसं किती राहू शकतील हे पाणी ठरवतं" हा एकच मुद्दा धरा. त्याहीमागे जुन्नरच्या लेण्यांतल्या पोढी, म्हणजे पाण्याची टाकी. ती दान दिल्याचे ब्राह्मी लेख तिथे आहेत. आणि शेवटी इनामगाव. डेक्कन कॉलेजनं केलेल्या उत्खननात तिथे शेतीला पाणी नेणारा पाट आणि बांध सापडला. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जायचं तर आधी फोन करून वेळ विचारा. केळकर संग्रहालयालाही जाच, पण एका भेटीत एकच दालन. सगळं बघायला गेलात तर मुलांना फक्त पाय दुखल्याचं लक्षात राहतं.

बाणेरमध्ये इतिहास नाही, हे मात्र मला मान्य नाही. तुमच्या सोसायटीच्या गेटमधून तो दिसत नसेल, गावठाणात जा. भैरवनाथाचं देऊळ आहे, टेकडीवर तुकाई आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की पिण्याची विहीर कुठली होती, चावडी कुठे होती, शेतं कुणी कधी विकली. आयटीवाल्यांच्या इमारती गावाच्या शिवारात आल्या, हाही इतिहासच आहे आणि त्याचे साक्षीदार हयात आहेत. पुण्याच्या आसपासच्या जुन्या देवळांच्या आवारात हिंडताना भिंतीला टेकवून ठेवलेले कोरीव दगड बघत चला. त्यात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, मिळाला तर तिघांना तिथेच बसवा. वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई, कधी शेजारी गाईगुरं. मधल्यात पडलेल्या वीराला अप्सरा वर नेतायत. वरच्यात तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि टोकाला सूर्य-चंद्र: ते आहेत तोवर त्याचं नाव राहो. धाकटा ही चित्रकथा कुणी न शिकवता वाचतो. मधली प्रत्येक चौकटीचं रेखाटन करते. थोरल्याला विचारा, गाई असतील तर भांडण कशावरून झालं असेल, आणि नाव राहावं म्हणून उभारलेल्या दगडावर बहुधा नावच का नसतं? दगडाला शेंदूर असला, पूजा होत असली, तर हात लावण्याआधी विचारायचं, हेही याच तासात शिकवून होतं.

थोरल्याला कधीकधी धाकट्यांपासून वेगळं काढा. "तू त्यांना समजावून सांग" असं दर वेळी म्हणून त्याला फुकटचा मास्तर करू नका. त्यानं त्याचा स्वतःचा अभ्यास थांबतो आणि भावंडांचाही वैताग वाढतो. त्याच्यासाठी एक खास काम सुचवते. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात झाला. त्याबद्दल "ध चा मा" केल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: पत्रातलं "धरावे" खोडून "मारावे" केलं. त्याला मोडी मुळाक्षरांचा तक्ता मिळवून द्या. पुण्यात मोडीचे वर्ग निघत असतात, पण या कामाला तक्ता पुरतो. दोन्ही शब्द मोडीत लिहून बघ आणि एकाचं दुसरं करता येतं का सांग. मग पुढचा प्रश्न: हे पत्र कुणी पाहिलं, ते कुठे आहे, आणि ही गोष्ट सर्वांत आधी कुणी लिहून ठेवली? इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी आणि खं. चिं. मेहेंदळ्यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं ते कागद गोळा व्हावेत, तपासले जावेत म्हणूनच. ते सदाशिव पेठेत आहे. एकदा त्याला एकट्याला तिथे घेऊन जा, धाकट्यांना घरी ठेवून. शनिवारवाड्यातल्या नारायणरावाच्या भुताची आवृत्ती तो यूट्यूबवरून आधीच घेऊन आलेला असेल, तिकडे लक्ष देऊ नका.

आठवड्याचं म्हणाल तर माझ्याकडे एक दिवस बाहेर, दीड तासाच्या वर नाही, आणि दोन दिवस घरी तासभर. बाहेरून आल्यावर लगेच काही लिहायला लावत नाही. लिखाण दुसऱ्या दिवशी: धाकट्याचं चित्र आणि तो सांगेल ते एक वाक्य तुमच्या अक्षरात, मधलीचा नकाशा, थोरल्याचं एक पान. तिन्ही एकाच फायलीत, एकाच तारखेखाली. थोरल्यानं केलेलं मधली कधीतरी आपणहून वाचते.

राहिली दहावी. सतरा नंबरचा (शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांचा) फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा देणार की एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, ते यंदाच ठरवा, कारण दोन्हींचे विषय आणि पुस्तकं वेगळी आहेत. राज्य मंडळाचं ठरलं तर तुम्हाला बरं वाटेल अशी एक गोष्ट सांगते. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात राजे आणि लढाया ओळीनं येत नाहीत. इतिहासलेखनाच्या परंपरा, उपयोजित इतिहास, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन असे धडे आहेत, आणि शाळेतली मुलं नेमकी त्यावरच कंटाळतात. तुमचा मुलगा तोवर आजीची मुलाखत वर्तमानपत्राशी ताडून झालेला असेल, इतिहास संशोधक मंडळात जाऊन आलेला असेल. पेपर इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांचा. त्याच्या तयारीला परीक्षेआधीचे काही महिने वेगळे काढा, जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवून घ्या, आणि तेवढ्या काळापुरतं त्याला शनिवारच्या भटकंतीतून मोकळं करा. धाकटे दोघं चालू ठेवतील.